पोस्टग्रेस १२ वरून १६: दोन संकलनांच्या मधली एक रात्र

रात्री पावणेनऊ ते पहाटे साडेचार, एवढाच वेळ. संध्याकाळचं दूध आटपून शेवटच्या गावाचा डेटा यायला पावणेनऊ होतात आणि पहाटे पाचला पहिल्या गावात लोक किटल्या घेऊन संस्थेच्या दारात उभे असतात, तेव्हा कोड टाकला की नाव आलंच पाहिजे, फॅट टाकलं की दर आलाच पाहिजे आणि पावती निघालीच पाहिजे. कोल्हापूर-सांगली पट्ट्यातला एक दूध संघ आहे, नाव लिहीत नाही, त्यांचा डेटाबेस मी बघतो. साडेतीनशेच्या आसपास गावं, डेटा साधारण १८० जीबी, आणि दर दहा दिवसांनी बिल. ते बिल म्हणजे लोकांचा किराणा, पोरांची फी, दवाखाना. त्यामुळे पोस्टग्रेस (डेटाबेस चालवणारं सॉफ्टवेअर) आवृत्ती १२ वरून १६ वर नेलं त्या अपग्रेडबद्दल मी जरा सविस्तर लिहितोय कारण यातल्या दोन-तीन गोष्टी मला आधी कोणी नीट सांगितल्या असत्या तर २०२१ मध्ये जे झालं ते झालं नसतं.

आधी ते सांगतो.

२०२० मध्ये आम्ही पोस्टग्रेस १२ वर हा सेटअप उभा केला, उबंटू १८.०४ (लिनक्सवरची एक ऑपरेटिंग सिस्टिम) वर. २०२१ मध्ये मशीन बदलायचं ठरलं, तेव्हा डेटाबेसची आवृत्ती तीच ठेवायची, १२ च, फक्त नवीन मशीन आणि त्यावर उबंटू २०.०४. मग मी काय केलं, नवीन मशीनवर स्ट्रीमिंग रेप्लिका (चालू डेटाबेसची सतत अद्ययावत होणारी नक्कल) लावली, दोन दिवस ती जुन्याच्या मागोमाग चालू दिली, आणि एका रात्री जुनं बंद करून रेप्लिका प्रमोट केली, म्हणजे तिलाच मुख्य केलं. दहा मिनिटांत काम झालं, कुठेही एरर नाही, लॉग स्वच्छ. मी घरी जाऊन झोपलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेटरचा फोन. "सर, मावशींचा कोड टाकला की 'सभासद सापडला नाही' येतंय. आणि पूर्ण लिस्ट काढली की त्यात नाव दिसतंय की!" मला वाटलं टायपिंग चुकत असेल. मग मी स्वतः क्वेरी मारली, कोड बरोबर २७-११३ असा, आणि उत्तर शून्य ओळी. त्याच टेबलवर इंडेक्स (पुस्तकाच्या मागच्या सूचीसारखी, पटकन शोधायची यादी) न वापरता शोधलं तर ओळ समोर. तेव्हा पोटात खड्डा पडला, कारण डेटाबेसमध्ये ओळ आहे आणि डेटाबेसच म्हणतोय नाही, हे मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होतो.

कारण डेटाबेसमध्ये नव्हतंच, ते खाली ऑपरेटिंग सिस्टिममध्ये होतं. टेक्स्ट कॉलमचा इंडेक्स हा क्रमाने लावलेला असतो आणि कोणता शब्द आधी कोणता नंतर हे पोस्टग्रेस स्वतः ठरवत नाही, डिफॉल्टला ते लिनक्सच्या जीलिबसी लायब्ररीला विचारतं. याला कोलेशन म्हणतात. जीलिबसी २.२८ मध्ये, म्हणजे २०१८ साली, हे क्रमाचे नियम मोठ्या प्रमाणात बदलले. उबंटू १८.०४ वर २.२७ आहे, २०.०४ वर २.३१. म्हणजे मी नेमकी ती सीमा ओलांडली होती आणि मला पत्ताच नव्हता. टर्मिनलवर "११" आणि "१-१" (अर्थात इंग्रजी आकड्यांत, लोकॅल म्हणजे भाषेची सेटिंग ईएन-यूएस यूटीएफ-८ ठेवून) सॉर्ट कमांडला द्या, जुन्या मशीनवर ११ आधी येतं, नव्यावर १-१ आधी येतं. जुना नियम सुरुवातीला मधला डॅश धरतच नव्हता, नवा धरतो. आणि आमचे सगळे कोड डॅशवाले! गाव क्रमांक, डॅश, सभासद क्रमांक.

मराठी माणसाला हे समजायला एक सोपी वाट आहे. आपल्या वर्णमालेत ळ कुठे येतो, ह च्या नंतर, शेवटी. युनिकोडच्या नंबरांत मात्र तो ल आणि व च्या मध्ये बसलाय. आता समजा एकाने यादी वर्णमालेप्रमाणे लावली आणि दुसरा माणूस युनिकोडच्या क्रमाने त्यात "काळे" शोधतोय. "कासार" पर्यंत आला, काळे दिसले नाहीत, त्याच्या हिशोबाने काळे कासारांच्या आधीच यायला हवे होते, मग तो यादी बंद करून सांगतो की काळे नाहीत. यादीत काळे आहेत, कासारांच्या पुढे. शोधणारा खोटं बोलत नाहीये आणि यादी पण चुकलेली नाही, दोघांचा क्रम वेगळा आहे एवढंच. रेप्लिका म्हणजे फाईलची जशीच्या तशी, बाइट-टू-बाइट नक्कल, त्यामुळे इंडेक्स जुन्या क्रमाने लावलेला आला आणि शोधणारा नवीन क्रमाने शोधायला लागला.

शोधणं फसतं हे तरी दिसतं. युनिक इंडेक्स, म्हणजे एकच नोंद दोनदा येऊ न देणारा, फसतो ते दिसत नाही. "ही पावती आधी आहे का" असं तो विचारतो, चुकीच्या जागी बघतो, नाही म्हणतो, आणि दुसरी आत घेतो.

त्या दिवशी दुपारपर्यंत संकलनाची आणि सभासदांची टेबलं रीइंडेक्स केली, म्हणजे त्यांचे इंडेक्स नव्याने बांधले, काही ठिकाणी दुहेरी ओळी सापडल्या त्या हाताने बघून काढल्या, संध्याकाळच्या दुधाला सगळं सुरळीत. विषय मिटला असं आम्ही सगळ्यांनी धरलं.

आता २०२५. पोस्टग्रेसची प्रत्येक मेजर आवृत्ती ५ वर्षं सांभाळली जाते, आवृत्ती १२ ही ऑक्टोबर २०१९ ची, तर २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये १२.२२ आली आणि ती शेवटची. त्यानंतर सिक्युरिटीची दुरुस्ती नाही. (इथे एक सांगून टाकतो, कारण हा गोंधळ मी बऱ्याच ठिकाणी बघितलाय: १२.४ वरून १२.२२ हे मायनर अपडेट, त्यात पॅकेज बदला आणि रिस्टार्ट करा, डेटाच्या फाईली तशाच चालतात, त्यासाठी घाबरून वर्षानुवर्षं थांबू नका. १० व्या आवृत्तीपासून पहिला आकडा बदलला की मेजर, आणि मेजरला मात्र सरळ रिस्टार्ट करून चालत नाही, नवीन सर्व्हर जुनी डेटा डिरेक्टरी घेऊन सुरूच होत नाही.) उबंटू २०.०४ चा पण सपोर्ट मे २०२५ ला संपणार होता. म्हणून ठरलं की दोन्ही एकदम, नवीन मशीन, उबंटू २४.०४, पोस्टग्रेस १६.

रस्ते तीन होते. पीजी-अपग्रेड (जुन्या डेटाच्या फाईली नव्या आवृत्तीला लावून देणारं टूल) सगळ्यात जलद, लिंक मोडमध्ये तर फाईली कॉपी पण होत नाहीत, हार्ड लिंक लागतात, म्हणजे दोन्ही सर्व्हर त्याच फाईली वापरतात, १८० जीबी काही मिनिटांत होतं. पण लिंक मोडमध्ये एकदा नवीन सर्व्हर सुरू केला की जुना परत सुरू करणं सुरक्षित राहत नाही, म्हणजे परतीचा रस्ता फक्त बॅकअपमधून. आणि दुसरं म्हणजे तो पण इंडेक्सच्या फाईली जशाच्या तशा उचलतो, त्यामुळे ऑपरेटिंग सिस्टिम बदलत असेल तर २०२१ चीच गोष्ट परत. लॉजिकल रेप्लिकेशनमध्ये (फाईली नाही, ओळींमधले बदल पाठवत राहायचे) डाउनटाइम सगळ्यात कमी, पण सिक्वेन्स (आपोआप वाढणारे क्रमांक) त्यातून जात नाहीत, टेबलची रचना बदलली तर ते जात नाही, आणि आमच्या दोन जुन्या टेबलांना प्रायमरी कीच (प्रत्येक ओळीची वेगळी ओळख) नाही, तिथे अपडेट-डिलीट अडकतात. तिसरा रस्ता साधा, डंप आणि रिस्टोर, म्हणजे सगळा डेटा बाहेर काढायचा आणि नव्या सर्व्हरमध्ये परत भरायचा. वेळ जास्त लागतो पण सगळे इंडेक्स नव्या मशीनवर नव्या क्रमाने नव्याने बांधले जातात, आणि जुना सर्व्हर हात न लावता तसाच उभा राहतो. आमच्याकडे रात्रीचे पावणेआठ तास हातात होते. बँकेच्या एटीएमसारखं चोवीस तास चालणारं काही असतं तर मी वेगळा विचार केला असता.

मग तालीम. तालीम म्हणजे खरी तालीम, कालच्या बॅकअपवरून पूर्ण १८० जीबी, त्याच नव्या मशीनवर, घड्याळ लावून. छोट्या टेस्ट डेटावर काहीच कळत नाही. पहिल्यांदा एकाच धाग्याने चालवलं तर पाच तास चाळीस मिनिटं लागली, म्हणजे रात्रीतून काम होईल पण काही बिनसलं तर दुसरा चान्स नाही. मग डिरेक्टरी फॉरमॅट घेतला, डंपला आणि रिस्टोरला आठ-आठ जॉब दिले, इंडेक्स बांधायला मेंटेनन्स वर्क मेमरी वाढवली, दोन तास दहा मिनिटांवर आलं. डंप घेताना १६ चं पीजी-डंप वापरायचं, जुन्या सर्व्हरवरचं १२ चं नाही, नवीन टूलला जुना सर्व्हर वाचता येतो आणि नव्याला काय लागतं ते पण माहीत असतं. यूजर आणि त्यांचे पासवर्ड डेटाबेसच्या डंपमध्ये येत नाहीत, ते पीजी-डंपऑलने ग्लोबल्स ओन्ली करून वेगळे घ्यायचे.

आणि त्या पहिल्या तालमीत लॉगच्या अगदी शेवटी एक ओळ होती. वॉर्निंग, रिस्टोर करताना दुर्लक्ष केलेल्या एरर: १.

पीजी-रिस्टोरचा हा स्वभाव नीट लक्षात ठेवा, एरर आली की तो थांबत नाही, पुढे जातो, आणि शेवटी फक्त आकडा सांगतो. थांबायला हवं असेल तर तसं ऑप्शन देऊन सांगावं लागतं, एक्झिट ऑन एरर. मी ती ओळ बघून वर वर स्क्रोल करत गेलो, शेकडो ओळींच्या आत सापडलं: युनिक इंडेक्स बांधता आला नाही, अमुक की दुहेरी आहे. टेबल कुठलं, तर पशुखाद्य उचल.

हे टेबल असं की सभासद संस्थेतून पेंडीचं पोतं उधारीवर नेतो, त्याची पावती होते आणि ती रक्कम पुढच्या बिलातून कापली जाते. पावती नंबर पण डॅशवालाच. २०२१ ला मी जी टेबलं रीइंडेक्स केली त्यात हे नव्हतं, कारण त्याबद्दल कोणाची तक्रार आलेली माझ्यापर्यंत पोचली नव्हती. सहा पावत्या निघाल्या, म्हणजे तीन पावत्या प्रत्येकी दोनदा. तारीख बघितली आणि सगळं कळलं. तिन्ही त्या मशीन बदललेल्या रात्रीच्या संध्याकाळच्या. गावातला कॉम्प्युटर पावती पाठवतो, सर्व्हरकडून पोच आली नाही तर सकाळी तीच पावती परत पाठवतो, आणि आधी आलेली असेल तर युनिक इंडेक्स दुसरी नाकारतो, अशी रचना आहे आणि ती चांगली रचना आहे. त्या रात्री तीन पावत्या जुन्या सर्व्हरवर पोचल्या पण पोच परत जायच्या आत मी सर्व्हर बंद केला, सकाळी त्या परत आल्या, आणि नव्या मशीनवरच्या इंडेक्सने चुकीच्या जागी बघून त्यांना परत आत घेतलं. तीन जणांच्या बिलातून पेंडीचे पैसे दोनदा कापले गेले होते. मिळून पाच पोती. चार वर्षं झाली होती.

मी त्याच दिवशी संघाच्या अकाउंटवाल्यांना तिन्ही नोंदी काढून दिल्या. मग पूर्ण जुन्या डेटाबेसवर ॲमचेक चालवलं. हे पोस्टग्रेससोबतच येणारं एक्स्टेंशन आहे, इंडेक्स आतून क्रमाने आहे का हे तपासतं, नुसतं वाचतं, काही बदलत नाही. आणखी दोन इंडेक्स बिघडलेले निघाले, नशिबाने ते साध्या शोधाचे होते, युनिकचे नव्हते. ॲमचेक मला २०२१ ला माहीत असतं तर वीस मिनिटांत सगळं बाहेर आलं असतं. तुम्ही जर २०१८ नंतर कधी सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टिम बदलली असेल, रेप्लिका करून किंवा डेटा डिरेक्टरी उचलून, तर हे वाचून झाल्यावर आधी ते चालवा, खरंच चालवा.

दुसऱ्या तालमीत डेटा नीट बसला, तेव्हा बाकीच्या गोष्टी वर आल्या. बिलाचा रिपोर्ट जो चार मिनिटांत येतो तो नव्या, दुप्पट ताकदीच्या मशीनवर पन्नास मिनिटं झाली तरी फिरत होता. कारण क्वेरी प्लॅनर (डेटा कुठल्या वाटेने शोधायचा हे ठरवणारा भाग) आकडेवारीवर चालतो, कुठल्या टेबलात किती ओळी, कुठल्या कॉलममध्ये काय काय, आणि ही आकडेवारी डंपमध्ये येत नाही. पीजी-अपग्रेडमध्ये पण यायची नाही, १८ व्या आवृत्तीपासून बहुतेक यायला लागली. रिस्टोर झाल्या झाल्या व्हॅक्यूमडीबी घेऊन सगळ्यावर ॲनलाइज मारायचं, म्हणजे ही आकडेवारी नव्याने गोळा होते, त्यात टप्प्याटप्प्याने करायचा ऑप्शन आहे, आधी ढोबळ आकडे पटकन मग नीट. ते केल्यावर तोच रिपोर्ट अडीच मिनिटांत आला. हे न करता सकाळी सर्व्हर उघडला असता तर मशीन खराब दिलं म्हणून ओरड झाली असती.

मग बिल छापायचं जुनं विंडोज मशीन, ते लॉगिनच होईना. पोस्टग्रेस १४ पासून पासवर्ड डिफॉल्टला स्क्रॅम या नव्या, जास्त सुरक्षित पद्धतीने साठवले जातात, आणि उबंटूच्या पॅकेजमधली नवीन एचबीए फाईल (कोणाला कसं आत घ्यायचं ते ठरवणारी) पण स्क्रॅमच मागते. आमचे यूजर जुन्या एमडी५ वाले, आणि त्या मशीनवरचा ओडीबीसी ड्रायव्हर (डेटाबेसशी जोडून देणारं सॉफ्टवेअर) इतका जुना की त्याला स्क्रॅम येतच नाही. एचबीए फाईलमध्ये त्या एका मशीनसाठी एमडी५ ची ओळ ठेवली आणि ड्रायव्हर बदलायचं काम वेगळं लावलं, पुढच्या आठवड्यात ते झालं आणि ओळ काढली. एकाच रात्री सगळं सुधारायचा मोह होतो, पण तेव्हा काही बिघडलं तर कशामुळे बिघडलं ते कळत नाही.

आणि जी गोष्ट मला सगळ्यात जास्त लागली ती बॅकअपची. रात्रीची बॅकअप स्क्रिप्ट जुन्या पद्धतीची, त्यात पीजी-स्टार्ट-बॅकअप हे फंक्शन होतं. १५ मध्ये ते काढलं, आता पीजी-बॅकअप-स्टार्ट असं नाव आहे आणि वापरायची रीत पण वेगळी, सुरू केलेलं कनेक्शन बॅकअप संपेपर्यंत उघडं ठेवावं लागतं. स्क्रिप्ट तशीच नेली असती तर नव्या सर्व्हरच्या पहिल्याच रात्रीपासून बॅकअप नाही, आणि ते आम्हाला बॅकअपची गरज पडेल त्या दिवशी कळलं असतं. आम्ही पीजी-बेसबॅकअप या पोस्टग्रेससोबतच येणाऱ्या बॅकअप टूलवर गेलो, आणि त्या बॅकअपवरून एक सर्व्हर उभा करून बघितला तेव्हाच पुढची तारीख धरली.

तारीख धरताना बिलाचे दिवस टाळले. १ ते १०, ११ ते २०, २१ ते अखेर असे हप्ते, म्हणून १३ फेब्रुवारीची रात्र. संघाचे सेक्रेटरी आण्णा स्वतः ऑफिसला थांबले. मी त्यांना म्हटलं, आण्णा, अडीच वाजता मी एक निर्णय घेणार, तोपर्यंत आकडे जुळले तर पुढे, नाहीतर जुना सर्व्हर परत उघडायचा आणि सकाळचं दूध जुन्यावर, त्यात कोणी वाद घालायचा नाही, मी पण नाही. ते म्हणाले, "तुम्ही बघून ठरवा, फक्त पाचच्या आत मला कळू दे, गावागावात सांगायला लागंल." असा वेळ आधी ठरवून ठेवणं फार गरजेचं असतं, कारण रात्री तीनला माणूस "अजून अर्धा तास दे, होतंय" असं म्हणत म्हणत पाच वाजवतो.

८:५५ ला शेवटच्या गावाची पोच गेली. यावेळी मी पोच गेल्याची यादी गाववार बघितली, एकही पावती अधांतरी नाही हे बघूनच ॲप बंद केलं. मग जुन्या सर्व्हरच्या एचबीए फाईलमध्ये माझ्या एका यूजरशिवाय सगळ्यांना रिजेक्ट लावून रिस्टार्ट, म्हणजे कुठून कुठला विसरलेला क्रॉन जॉब (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) पण मध्येच लिहू शकणार नाही. डंप ९:१० ला सुरू, रिस्टोर ११:२८ ला संपलं, दुर्लक्ष केलेल्या एरर नाहीत. ॲनलाइज. मग जुळवाजुळव: फक्त ओळी मोजायच्या नाहीत, दोन्ही सर्व्हरवर गेल्या पाच वर्षांच्या प्रत्येक महिन्याचं गाववार एकूण लिटर आणि एकूण रक्कम काढली, दोन फाईली केल्या आणि एकमेकींशी ताडल्या. पैशाच्या शेवटच्या दशांशापर्यंत एकही फरक नाही. मग ॲमचेक नव्यावर. मग ते विंडोज मशीन, बिल छापून बघितलं. मग सिक्वेन्स पुढे आहेत ना ते बघायला एक खोटी पावती टाकून काढली. १:४० झाले होते. आण्णांना म्हटलं पुढे जाऊया.

परतीचा रस्ता तरीही ठेवला होता. पहाटे नव्या सर्व्हरवर पहिली पावती पडली की जुना सर्व्हर मागे पडायला लागतो, मग नुसतं "परत जाऊ" म्हणून चालत नाही, मधल्या पावत्या कुठून आणायच्या हा प्रश्न येतो. गावातले कॉम्प्युटर सात दिवसांच्या पावत्या स्वतःकडे ठेवतात, त्यामुळे जुना उघडून सगळ्यांना परत पाठवायला सांगता आलं असतं, हे पण आम्ही तालमीत पाच गावांवर करून बघितलं होतं. जुना सर्व्हर चाळीस दिवस तसाच ठेवला, म्हणजे चार बिलं नव्यावरून निघाल्यावरच पुसला.

कोडच्या सगळ्या कॉलमना आता सी कोलेशन लावलंय. ते बाइटच्या क्रमाने चालतं, जीलिबसी कितीही बदलली तरी ते हलत नाही, आणि कोडला भाषेचा क्रम लागतोच कशाला. नावांना मात्र लागतो, ती तशीच ठेवली. १५ पासून पोस्टग्रेस डेटाबेसच्या कोलेशनची आवृत्ती पण नोंदवून ठेवतं आणि खालची लायब्ररी बदलली तर कनेक्ट होताना वॉर्निंग देतं. ती वॉर्निंग दिसली तर ती गप्प करायची कमांड आहे, पण ती रीइंडेक्स केल्यानंतर मारायची, आधी नाही. दर रविवारी दुपारी ॲमचेक क्रॉनमध्ये लावलंय.

पहाटे ५:०७ ला पहिली नोंद. म्हैस, साडेचार लिटर, फॅट ७.१. मी स्क्रीनवर बघत होतो, ऑपरेटर फोनवर होता, पाठीमागून किटल्यांचा आवाज येत होता.

त्या तिघांचे पैसे २० तारखेच्या बिलासोबत परत दिले, बिलात वेगळी ओळ, "पशुखाद्य उचल परत". तिघांतल्या एक त्याच मावशी, २७-११३ वाल्या. सेक्रेटरींनी त्यांना समजावून सांगितलं तेव्हा त्या घरी जाऊन २०२१ चं भिंतीवरचं कॅलेंडर घेऊन आल्या, जपून ठेवलेलं. त्या तारखेच्या चौकोनात पेनाने लिहिलं होतं, "पेंड २ पोती". त्यांनी तेव्हाच गावच्या संस्थेत जाऊन सांगितलं होतं की मी दोनच पोती नेलीत, चारचे पैसे कापलेत. त्यांना उत्तर मिळालं होतं की कॉम्प्युटरमध्ये दोन पावत्या आहेत, म्हणजे चार पोती नेली असणार.